प्रकल्प नोंदी: वीवीची टेम्प्लेट्स पॅकरवर नेताना

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आजपासून काम अधिकृतपणे सुरू. आमच्या चाचण्यांसाठी लागणाऱ्या जुन्या व्हर्च्युअल मशीनच्या इमेजेस अजूनही वीवीवर बनतात. लिनक्समध्ये सेंटओएस ६ च्या दोन (३२ आणि ६४ बिट), डेबियन ७ ची एक आणि विंडोजची एक. वीवी हे पॅट्रिक डेबोआ यांचं, रुबी या प्रोग्रॅमिंग भाषेतलं, अशा इमेजेस आपोआप बनवणारं साधन. व्हेग्रंट या व्हर्च्युअल मशीन उभ्या करणाऱ्या साधनाचे बेस बॉक्स (मूळ इमेजेस) हाताने बनवण्याच्या कटकटीतून त्याने एका पिढीला सोडवलं. २०१३ च्या जूनमध्ये मिचेल हाशिमोतो यांनी त्याच कामासाठी पॅकर हे नवं साधन आणलं आणि बहुतेक लोक तिकडे गेले. आमची टेम्प्लेट्स मात्र तिथेच राहिली, कारण ती चालत होती. आता ज्या एका बिल्ड मशीनवर जुनं रुबी आणि जुनी जेम्स (रुबीची पॅकेजेस) टिकून आहेत, तेच थकलंय.

या इमेजेस टाकून द्याव्यात असं सुचवलं गेलं होतं. मी विरोध केला. आमच्या उत्पादनाच्या जुन्या आवृत्त्या वापरणारे लोक आहेत तोवर त्यांच्यासाठी काढलेला प्रत्येक पॅच त्याच वातावरणात तपासला गेला पाहिजे. ती इमेज नुसती असून भागत नाही, ती पुन्हा बनवताही आली पाहिजे.

एक नियम आधीच ठरवून टाकला: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्सची आवृत्ती आहे तीच, पाहुण्या ओएसची (आतल्या मशीनवरच्या ऑपरेटिंग सिस्टिमची) आवृत्ती तीच, पॅकेजेसची यादी तीच. बदलायचं ते फक्त बांधणारं साधन. सध्याच्या सगळ्या बॉक्स फाइल्सचे शा-२५६ चेकसम (फाइल बदलली का ते सांगणारे आकडे) काढून ठेवले आणि त्या फाइल्स केवळ-वाचन फोल्डरमध्ये हलवल्या. पुढची सगळी तुलना यांच्याशी.

५ फेब्रुवारी, बुधवार

दिवसभर फक्त वाचन. वीवीच्या एका टेम्प्लेटमध्ये तीन गोष्टी असतात: डेफिनिशन डॉट आरबी, किकस्टार्ट किंवा प्रीसीड फाइल (इन्स्टॉलरच्या प्रश्नांची आधीच लिहून ठेवलेली उत्तरं) आणि पोस्टइन्स्टॉलच्या, म्हणजे इन्स्टॉलेशननंतर चालणाऱ्या, शेल स्क्रिप्ट. सगळं मिळून फार तर दोनशे ओळी. वरवर पाहिलं तर एक तक्ता करायचा, डावीकडे वीवीचं नाव, उजवीकडे पॅकरचं, की झालं. तक्ता केलाही. मेमरी-साइझ, डिस्क-साइझ, सीपीयू-काउंट यांना सरळ जोड्या मिळाल्या.

खरं काम आहे ते तक्त्यात न बसणाऱ्या जागांचं. डेफिनिशनमध्ये जे लिहिलंय ते दिसतं, पण वीवी स्वतःहून जे करत असे ते कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून प्रत्येक ओळीपुढे दोन प्रश्न: ही ओळ नसती तर वीवीने काय केलं असतं? आणि पॅकर काय करेल?

एसएसएचची (मशीनमध्ये दुरून लॉगिन करण्याच्या जोडणीची) वाट पाहण्याची मुदत आमच्या डेफिनिशनमध्ये १०००० सेकंद आहे. पॅकरमध्ये ती दिली नाही तर पाच मिनिटं धरली जाते. पाच मिनिटांत सेंटओएसचं इन्स्टॉलेशन पुरं होत नाही, म्हणजे इन्स्टॉलर मजेत चालू असताना पॅकर हात वर करून मशीन पुसून टाकणार. ४५ मिनिटं दिली. डिस्कचा आकार लिहिला नाही तर पॅकर ४०००० एमबी धरतं, आमची डिस्क १०१४० एमबीची आहे. मशीन बंद करण्याची कमांड दिली नाही तर पॅकर सरळ वीज तोडल्यासारखं मशीन बंद करतं, मग फाइलसिस्टिमचं जर्नल अर्धवट राहतं. कमांड आमच्याकडे होती, पण नुसती हॉल्ट. ती सुडोच्या (प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणाऱ्या) आवरणात वीवी गुंडाळत असे. पॅकर ती जशीच्या तशी, एसएसएचने लॉगिन झालेल्या युजरच्या नावाने चालवतं. साध्या व्हेग्रंट युजरला मशीन बंद करायचा अधिकार नाही, त्यामुळे सुडो आता मीच लिहायला हवा.

आणखी एक खाचखळगा. स्क्रिप्टच्या यादीत दोन नावांच्या सुरुवातीला अंडरस्कोर आहे. वीवी अशा स्क्रिप्ट चालवत नसे, कोणीतरी त्या तात्पुरत्या बाजूला ठेवल्या होत्या. पॅकरला हा संकेत माहीत नाही, तो यादीत दिलेली प्रत्येक स्क्रिप्ट चालवेल. त्यातली एक स्क्रिप्ट व्हीएमवेअरची टूल्स बसवते! दोन्ही यादीतून काढल्या, फाइल्स ठेवल्या आणि का काढल्या ते कमिट संदेशात सविस्तर लिहिलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आपोआप रूपांतर करणारी वाट पाहून घेतली. ती तीन टप्प्यांची आहे. पहिला टप्पा हाशिमोतो यांनीच लिहिलेलं वीवी-टू-पॅकर हे जेम. ते डेफिनिशन वाचून जेसन या मांडणीतलं टेम्प्लेट आणि सोबत एचटीटीपी व स्क्रिप्ट्स असे फोल्डर देतं. पण ते जेसन पॅकरच्या लहानपणीचं, बिल्डरचं (मशीन बांधणाऱ्या भागाचं) नाव नुसतं व्हर्च्युअलबॉक्स. दुसरा टप्पा पॅकरचीच फिक्स कमांड. ती व्हर्च्युअलबॉक्सचं व्हर्च्युअलबॉक्स-आयएसओ करते, एमडी५ चं जुनं कलम चेकसमच्या नव्या कलमात हलवते, चेकसमचा प्रकार वेगळा लिहिलेला असेल तर मूल्यालाच जोडते. तिसरा टप्पा एचसीएल२-अपग्रेड. तो जेसनवरून आजच्या, म्हणजे एचसीएलच्या, वाक्यरचनेतली फाइल तयार करतो.

तिन्ही टप्पे पार पडले. जे हाती आलं ते वाचनीय आहे आणि पडताळणीही पास होतं. तरी ते मी मुख्य फाइल म्हणून घेणार नाही. जुन्या साधनाने मनात ठेवलेलं या वाटेने कुठेच उतरत नाही, उतरतं ते फक्त कागदावरचं. आलेली फाइल शेजारच्या खिडकीत उघडी ठेवली आणि नवीन फाइल रिकाम्या पानापासून लिहायला घेतली. वेळ थोडा जास्त जाईल, पण प्रत्येक ओळ का आहे ते मला सांगता येईल.

रचना अशी: एका फाइलमध्ये प्लगइनच्या गरजा, एकीत व्हेरिएबल्स, प्रत्येक ओएससाठी सोर्स आणि बिल्डची वेगळी फाइल. पॅकर १.७ पासून इनिट कमांड प्लगइन उतरवून घेते, त्यामुळे व्हर्च्युअलबॉक्स आणि व्हेग्रंट या दोन्ही प्लगइनच्या आवृत्त्या नेमक्या बांधून टाकल्या. 'किमान अमुक' असं सैल ठेवलं नाही. ज्या कामाचा हेतूच पुनर्निर्मिती आहे तिथे सैलपणा नको.

१० फेब्रुवारी, सोमवार

सेंटओएस ६ चा ६४ बिट बिल्ड चालवला. मशीन उभं राहिलं, बूट मेनू आला, पॅकरने टॅब दाबून किकस्टार्टचा पत्ता टाइप केला, एंटर दाबला. मग इन्स्टॉलर त्या पत्त्यावर फाइल मिळत नाही म्हणून थांबला.

पत्ता बरोबर होता. व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅटमध्ये (पाहुण्याला यजमानामार्फत नेटवर्क देणाऱ्या जोडणीत) पाहुण्याला यजमान, म्हणजे बिल्ड मशीन, १०.०.२.२ या पत्त्यावर दिसतो, वीवीतही तेच होतं. फरक पोर्टचा. वीवी किकस्टार्टची फाइल ७१२२ या ठरलेल्या पोर्टवरून देत असे. पॅकर ८००० ते ९००० यांमधला कुठलाही मोकळा पोर्ट घेतो. बिल्ड मशीनच्या फायरवॉलमध्ये फक्त ७१२२ उघडा आहे, आणि तो कोणी, का उघडला याची नोंद कुठेच नाही.

दोन मार्ग होते. हजारभर पोर्ट उघडायचे, किंवा पॅकरच्या किमान आणि कमाल पोर्टच्या दोन्ही कलमांत ७१२२ लिहायचं. मी दुसरा घेतला. त्याची किंमत अशी की एका वेळी एकच बिल्ड चालेल. पॅकर एरवी सगळे बिल्ड समांतर चालवतं, ते समांतर-बिल्डच्या पर्यायाला १ देऊन आवरलं. या इमेजेस रोज बनत नाहीत, त्यामुळे चालेल. फायरवॉलच्या नियमाशेजारी आता टिप्पणी आहे.

अशा वेळी ऑन-एरर या पर्यायाला आस्क हे मूल्य देऊन बिल्ड चालवणं फार उपयोगी. बिल्ड फसला की पॅकर मशीन पुसण्याआधी थांबून विचारतं. तेवढ्यात मशीनच्या खिडकीत जाऊन इन्स्टॉलरचे लॉग वाचता येतात. सेंटओएसच्या इन्स्टॉलरमध्ये ऑल्ट-एफ३ दाबलं की तो नेमकं काय मागत होता ते दिसतं. हेडलेस हे कलम तोवर बंद ठेवायचं, नाहीतर खिडकीच दिसणार नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

किकस्टार्ट मिळाली, इन्स्टॉलेशन झालं, आणि पहिल्याच यमच्या (सेंटओएसमध्ये पॅकेजेस बसवणाऱ्या कमांडच्या) ओळीवर सगळं अडलं. सेंटओएस ६ चा आधार ३० नोव्हेंबर २०२० ला संपला, त्यानंतर त्याची पॅकेजेस नेहमीच्या मिररवरून गेली. आता ती व्हॉल्टवर, म्हणजे सेंटओएसच्या जुन्या आवृत्त्यांच्या साठ्यावर, आहेत. जुन्या बिल्ड मशीनवर हे इतके दिवस का कळलं नाही? तिथे यमचा एक स्थानिक कॅशे प्रॉक्सी होता, तोच सगळं पुरवत होता. म्हणजे आमची 'चालणारी' टेम्प्लेट्स प्रत्यक्षात एका कॅशेच्या भरवशावर चालत होती.

किकस्टार्टच्या पोस्ट विभागात मिररलिस्टच्या ओळी बंद करून बेसयूआरएल व्हॉल्टच्या ६.१० कडे वळवला. आयएसओसुद्धा (इन्स्टॉलेशन डिस्कची फाइल) तिथूनच. जुन्या डेफिनिशनमध्ये आयएसओचा फक्त एमडी५ होता. तो जुळतो का ते आधी पाहिलं, जुळला. मग व्हॉल्टवरच्या यादीतला शा-२५६ घेऊन तोही ताडून पाहिला आणि टेम्प्लेटमध्ये तोच ठेवला. आयएसओची एक प्रत आमच्या स्वतःच्या साठ्यात घेतली. पॅकरमध्ये आयएसओच्या पत्त्यांची यादी देता येते, पहिला नाही मिळाला तर तो दुसरा पाहतो. पहिला पत्ता आमचा, दुसरा व्हॉल्टचा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

स्क्रिप्टचा दिवस. वीवी प्रत्येक पोस्टइन्स्टॉल स्क्रिप्ट डेफिनिशनमधल्या सुडो-कमांडच्या साच्यात घालून चालवत असे: पासवर्ड इको करायचा, तो सुडोला द्यायचा, सुडोने शेलला आणि शेलने फाइलला उचलायचं. पॅकरचा मूळ साचा फक्त फाइल चालवण्यायोग्य करतो आणि चालवतो, सुडो नाही. एक्झिक्यूट-कमांड या कलमात तोच जुना साचा लिहिला, फक्त टक्क्याच्या खुणांऐवजी पॅकरच्या दुहेरी महिरपी कंसातली नावं. त्यात व्हार्स हे नाव सोडू नका. ते सोडलं तर स्क्रिप्टला दिलेली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स पोचतच नाहीत, आणि एररही येत नाही. सुडोला ती पुढे न्यायला मोठा ई हा पर्याय लागतो.

सेंटओएस ६ च्या सुडोअर्स फाइलमध्ये टर्मिनल असल्याशिवाय सुडो नाकारण्याचा नियम मुळातच असतो. आमच्या किकस्टार्टमध्ये तो नियम बंद करणारी सेडची ओळ आधीपासून आहे. ज्यांच्याकडे नाही त्यांनी ती घालावी, किंवा पॅकरला एसएसएचसाठी टर्मिनल मागायला सांगावं.

गेस्ट ॲडिशन्सची (व्हर्च्युअलबॉक्स पाहुण्यात बसवायला देतं त्या पूरक सॉफ्टवेअरची) स्क्रिप्ट दोन फाइल्सवर विसंबून आहे. एक, होम फोल्डरमधली व्हीबॉक्स-व्हर्जन नावाची लपलेली फाइल. पॅकर ती स्वतःहून ठेवतो, नावही तेच. दुसरी, आवृत्तीचा आकडा नावात असलेली आयएसओ फाइल. पॅकर आयएसओ चढवतो खरा, पण नावात आकडा घालत नाही, त्यामुळे माउंटच्या ओळीला ती सापडत नाही. गेस्ट-ॲडिशन्स-पाथ या कलमात नावाला व्हर्जनचं पद जोडलं. स्क्रिप्टला हात लावला नाही. स्क्रिप्ट जितक्या कमी बदलतील तितकी जुन्या बॉक्सशी तुलना स्वच्छ राहील.

१७ फेब्रुवारी, सोमवार

बॉक्स तयार झाला, व्हेग्रंटने उभा राहिला, पण शेअर्ड फोल्डर जोडला जात नाही. व्हीबॉक्स-एसएफ नावाचं मॉड्यूलच सापडत नाही.

इथे जरा थांबून लिहिते, कारण पुढे कोणालातरी हे उपयोगी पडेल. आमची पहिली स्क्रिप्ट यम अपडेट करते. त्यात नवं कर्नल (ओएसचा गाभा) येतं, पण चालू असतं ते जुनंच. दुसरी स्क्रिप्ट गेस्ट ॲडिशन्स बांधते, ती चालू कर्नलसाठी. मग मशीन बंद होतं, पुढच्या वेळी नव्या कर्नलवर उठतं आणि त्याच्यासाठी मॉड्यूल नसतं. आमच्या बाबतीत इन्स्टॉलेशननंतर २.६.३२-७५४ आणि अपडेटनंतर २.६.३२-७५४.३५.१. वीवीच्या काळात हे का जमलं? प्रॉक्सीच्या कॅशेमध्ये नवं कर्नल कधी आलंच नव्हतं. मशीन दोन्ही वेळा त्याच कर्नलवर होतं.

उपाय: अपडेट झाल्यावर मशीन रीबूट करायचं, मगच ॲडिशन्स बांधायच्या. रीबूट करणाऱ्या प्रोव्हिजनरला (पॅकरच्या मशीनमध्ये स्क्रिप्ट चालवणाऱ्या भागाला) जोडणी तुटणं अपेक्षित आहे असं सांगावं लागतं, नाहीतर पॅकर तेच अपयश मानतो. पुढच्या प्रोव्हिजनरआधी अर्ध्या मिनिटाची विश्रांती दिली. मशीन खाली जाण्याच्या आधीच जुन्याच एसएसएचवर पुढची स्क्रिप्ट सुरू होऊ नये म्हणून. कर्नल-डेव्हेल पॅकेज आता चालू कर्नलची नेमकी आवृत्ती मागतं.

रीबूटने एक नवी भानगड उभी केली. सेंटओएस ६ मध्ये युडेव्ह ही हार्डवेअर ओळखणारी सेवा नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा ओळखक्रमांक) ७०-पर्सिस्टंट-नेट या नियमांच्या फाइलमध्ये लिहून ठेवतं. व्हेग्रंट नव्या मशीनला नवा मॅक देतं, मग ते कार्ड ईटीएच० ऐवजी ईटीएच१ होतं आणि नेटवर्क येत नाही. आमची साफसफाईची स्क्रिप्ट ही फाइल पुसते, पण ती यादीत मध्यावर होती. तिच्यानंतर रीबूट आलं तर फाइल पुन्हा लिहिली जाते. साफसफाई सर्वांत शेवटी नेली, आणि आयएफसीएफजी फाइलमधली हार्डवेअर पत्त्याची ओळही तिथेच काढली. तिच्यानंतर फक्त मोकळी जागा शून्यांनी भरणारी ओळ आणि बंद करणं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

तुलनेचा दिवस. याचीच मी वाट पाहत होते.

बॉक्स फाइल म्हणजे साधा टार. जुना आणि नवा दोन्ही उलगडले: ओव्हीएफ (मशीनच्या रचनेचं वर्णन), व्हीएमडीके (डिस्क), मेटाडेटा आणि व्हेग्रंटफाइल. ओव्हीएफ शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. मग दोन्ही मशीन उभी करून आतल्या चार याद्या काढल्या: सगळी आरपीएम (बसवलेली पॅकेजेस), सुरू होणाऱ्या सेवा, इटीसी या सेटिंग्जच्या फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलचा चेकसम, युजर आणि ग्रुप.

जुन्या ओव्हीएफमध्ये डिस्क सॅटा कंट्रोलरवर होती, नव्यात आयडीईवर. पॅकरचं मूळ मूल्य आयडीई आहे. सेंटओएस ६ ला दोन्हीकडे डिस्क एसडीए म्हणूनच दिसते, त्यामुळे चालून गेलं असतं. तरी सॅटा लिहिलं, कारण आमच्या काही चाचण्या डिस्कचा वेग मोजतात. आय-ओ एपिकही जुन्यात चालू होतं. ते व्हीबॉक्समॅनेजच्या कलमातून चालू केलं.

खरा मुद्दा घड्याळाचा निघाला. आरपीएमच्या यादीत अपेक्षित फरक सोडून काही नव्हतं, पण नव्या मशीनवर मेक (कोड बांधणारी कमांड) चालवलं की फाइल्सची वेळ भविष्यातली असल्याची तक्रार येत होती. तीही फक्त उठल्यानंतरच्या पहिल्या काही क्षणांत, नंतर नाही. आमच्या एका सहकाऱ्याने चाचणीचा निकाल पाहून म्हटलं, "अगं, ही तर कधीमधी पडणारी चाचणी दिसते, पुन्हा चालवून बघ ना." पुन्हा चालवली की ती पास व्हायची, म्हणूनच मला ती सोडवेना. ओव्हीएफमध्ये उत्तर होतं. जुन्या मशीनचं हार्डवेअर घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) होतं, नव्याचं यजमानाच्या स्थानिक वेळेवर. किकस्टार्टमधली टाइमझोनची ओळ मात्र हार्डवेअर घड्याळ यूटीसीच आहे असं ठामपणे सांगते. उठताना पाहुणा स्थानिक वेळेला यूटीसी समजतो आणि तितका पुढे धावतो. थोड्या वेळाने गेस्ट ॲडिशन्सची सेवा घड्याळ जुळवते आणि खूण पुसली जाते. पॅकरच्या व्हर्च्युअलबॉक्स प्लगइनमध्ये आरटीसी-टाइम-बेस हे कलम आहे, मूळ मूल्य लोकल. यूटीसी लिहिलं. तक्रार गेली, मशीन कितीही वेळा उठवलं तरी.

ही एक ओळ कुठल्याही रूपांतर-साधनाने दिली नसती, कारण आमच्या डेफिनिशनमध्ये ती नव्हतीच. ती फक्त जुन्या बॉक्समध्ये होती. म्हणून पुढच्या प्रत्येक टेम्प्लेटसाठी ओव्हीएफची तुलना ही सक्तीची पायरी.

२४ फेब्रुवारी, सोमवार

वीवीत बॉक्स तयार झाल्यावर चालवायची एक तपासणी होती. ती मशीनमध्ये शिरून व्हेग्रंट युजर आहे का, सुडो चालतो का, रुबी आणि शेफ, पपेट ही मशीनची मांडणी आपोआप करणारी साधनं आहेत का, शेअर्ड फोल्डर जोडला जातो का हे पाहत असे. पॅकरची व्हॅलिडेट कमांड टेम्प्लेट तपासते, तयार इमेज नाही. म्हणजे हातातली एक तपासणी आपण गमावत होतो. ती एका वेगळ्या प्रोव्हिजनरच्या रूपात शेल स्क्रिप्टमध्ये लिहिली, साफसफाईच्या अगदी आधी. एकही तपासणी चुकली तर शून्येतर कोड, बिल्ड तिथेच थांबतो आणि बॉक्स बाहेरच पडत नाही. शेअर्ड फोल्डरची तपासणी बिल्डच्या आत करता येत नाही, ती बॉक्स व्हेग्रंटने उभा करून वेगळी चालते.

शेफ आणि पपेटचं काय? जुन्या स्क्रिप्ट कुठलीही आवृत्ती न बांधता शेवटची जेम बसवत. सेंटओएस ६ मधलं रुबी १.८.७ आजच्या कुठल्याच शेफला पुरत नाही. चाचणी गटाला विचारलं, कोणीच ती वापरत नाही. दोन्ही काढून टाकली आणि तपासणीतूनही वगळली. 'काहीच बदलायचं नाही' या नियमाला हा अपवाद, लेखी संमतीने.

एचसीएलमध्ये छोट्या कमांड ओळीतच लिहिताना एक काळजी. डॉलर आणि उघडा महिरपी कंस एकत्र आले की एचसीएल ते स्वतःचं व्हेरिएबल समजतं. शेलचं व्हेरिएबल हवं असेल तर डॉलर दोनदा: $${. टक्का आणि महिरपी कंसाचंही तसंच, %%{. कर्लने फक्त स्टेटस कोड छापायच्या ओळीत हे हमखास लागतं. जेसनमध्ये असं काही नव्हतं, त्यामुळे तिकडून ओळी उचलताना नजर ठेवावी. मी मोठ्या कमांड वेगळ्या स्क्रिप्ट फाइलमध्येच ठेवल्या, तिथे हा प्रश्न येत नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

डेबियन ७. याचा दीर्घ आधार ३१ मे २०१८ ला संपला, पॅकेजेस आर्काइव्हवर आहेत. सह्यांच्या किल्ल्यांची मुदतही संपली आहे, म्हणून इन्स्टॉलर नेटवरून घेतलेल्या पॅकेजेसवर विश्वास ठेवत नाही. विनासही पॅकेजेस चालतील असं प्रीसीडमध्ये एका ओळीत लिहिता येतं. मला ते पटलं नाही. चाचणीची इमेज असली तरी तिच्यात काय आहे हे खात्रीने सांगता आलं पाहिजे. त्याऐवजी पहिली डीव्हीडी घेतली, तिचा चेकसम तपासला आणि प्रीसीडमध्ये नेटवरचा मिरर वापरू नको असं सांगितलं. आम्हाला लागणारं सगळं त्या डीव्हीडीत आहे.

बूट-कमांड इथे फार लांब होती: भाषा, कीबोर्ड, होस्टनेम, सगळं कर्नलच्या ओळीत टाइप करायचं. बिल्ड मशीनवर भार असला की मधलं एखादं अक्षर गळतं. पॅकर व्हर्च्युअलबॉक्सला एकेका कळीचे स्कॅनकोड पाठवतं, त्यामुळे जितकी ओळ लांब तितका धोका. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये ऑटो, प्रायॉरिटी क्रिटिकल आणि यूआरएल एवढी तीन पदं पुरतात, बाकी सगळं प्रीसीडमध्ये हलवलं. कळींच्या गटांमधलं अंतरही थोडं वाढवलं. त्यानंतर भार असतानाही बिल्ड मुद्दाम चालवून पाहिला, ओळ पूर्ण उमटते.

४ मार्च, मंगळवार

विंडोज. ऑटोअनअटेंड फाइल (विंडोजची किकस्टार्टच म्हणा) जशी होती तशी फ्लॉपीच्या यादीत, कम्युनिकेटर एसएसएचऐवजी विंडोजचं विनआरएम. एकच गोष्ट सरकवली: विनआरएम सुरू करणारी ओळ पहिल्या लॉगिनच्या कामांत सर्वांत शेवटी. ती आधी असेल तर मशीन अजून रीबूट घेणार असतानाच पॅकर आत शिरतो आणि अर्ध्यावर बाहेर फेकला जातो. बाकी विशेष काही नाही.

७ मार्च, शुक्रवार

चाचणी गटाने नवे सेंटओएस बॉक्स वापरायला घेतले. एका नव्या लॅपटॉपवरून व्हेग्रंट एसएसएच जोडत नाही, यजमानाच्या किल्लीचा प्रकार जुळत नाही म्हणतो. यात पॅकरचा संबंध नाही, जुन्या बॉक्सलाही तेच होतं. सेंटओएस ६ मधलं ओपनएसएसएच ५.३ शा-१ वर आधारलेली आरएसए सही देतं आणि ओपनएसएसएच ८.८ पासून ती मुळातच बंद आहे. प्रत्येकाने आपल्या मशीनवर जुनं अल्गोरिदम सरसकट उघडावं हे मला धोक्याचं वाटतं. व्हेग्रंट पोस्ट-प्रोसेसरला (पॅकरच्या शेवटी बॉक्स बांधणाऱ्या भागाला) व्हेग्रंटफाइलचा साचा देता येतो. जास्तीचे दोन पर्याय त्या साच्यात घातले, म्हणजे ही सूट फक्त याच बॉक्सपुरती राहील.

व्हेग्रंटची सार्वजनिक किल्लीही आता नेटवरून उतरवत नाही, आमच्या रेपॉझिटरीतून फाइल प्रोव्हिजनरने जाते. जुन्या स्क्रिप्टमध्ये ती प्रमाणपत्र न तपासता उतरवली जायची. ती ओळ काढताना खरंच बरं वाटलं.

१२ मार्च, बुधवार

३२ बिटचा सेंटओएसही झाला. ६४ बिटचाच सोर्स, चार व्हेरिएबल्स वेगळी: आयएसओचा पत्ता, चेकसम, गेस्ट ओएसचा प्रकार आणि व्हॉल्टचा मार्ग. वीवीत या दोघांसाठी दोन पूर्ण फोल्डर होते, आणि त्यांच्यातल्या स्क्रिप्ट वर्षानुवर्षं एकमेकींपासून थोड्या थोड्या दूर गेल्या होत्या. आता एकच संच. ओव्हीएफ आणि चारही याद्या ताडून झाल्या. उरलेल्या प्रत्येक फरकापुढे कारण लिहिलेलं आहे.

आज एका सहकाऱ्याने नव्या, कोऱ्या मशीनवर रेपॉझिटरी घेतली, इनिट आणि बिल्ड चालवलं. मी शेजारी बसले नव्हते. चारही बॉक्स बाहेर पडले. विंडोजच्या बिल्डला लायसन्सची किल्ली कुठून द्यायची हे त्याला विचारावं लागलं, म्हणून रीडमीमध्ये तो परिच्छेद घातला आणि व्हेरिएबल संवेदनशील म्हणून नोंदवलं, म्हणजे लॉगमध्ये किल्ली उमटणार नाही.

राहिलेलं: यमच्या प्रॉक्सीच्या कॅशेमध्ये व्हॉल्टवर नसलेलं काही आहे का ते तपासायचं, असल्यास ते आमच्या साठ्यात हलवायचं, आणि मगच जुनं बिल्ड मशीन बंद करण्याची विनंती टाकायची. ७१२२ चा नियम नव्या मशीनच्या फायरवॉलमध्ये गेला आहे.